चंद्रीची परीक्षा आणि मिरच्यांची जप्ती

मी घोड्यांचा डॉक्टर होतो असं सांगितलं की लोक आधी माझ्या गुडघ्यांकडे बघतात आणि मग हळूच विचारतात, "लाथ कधी बसली का हो?" बसली. बऱ्याचदा बसली. पण घोड्याच्या लाथेचं मला कधी वाईट वाटलं नाही. ती सांगून येते. आधी कान मागे पडतात, मग शेपूट आवळली जाते, आणि एवढं होऊनही तुम्ही तिथंच उभे राहिलात तर चूक तुमची. माणसांचं तसं नसतं. माझी सगळी नोकरी घोड्यांपेक्षा घोड्यांच्या मालकांशी झटापट करण्यात गेली, आणि खरं सांगायचं तर त्यातच खरी मजा होती.

मी मूळचा घाटावरचा, वाईकडचा. मुंबईत परीक्षा पास झालो आणि सरकारनं मला उचलून कुलाबा जिल्ह्यात अलिबागच्या दवाखान्यात टाकलं. समुद्र पहिल्यांदा जवळून पाहिला तो रेवस बंदरात बोटीतून उतरताना, आणि उतरता उतरता अर्धा त्यात पडलोही. ज्यानं मला दंडाला धरून वर ओढलं तो पांढऱ्या दाढीचा, लुंगी नेसलेला माणूस म्हणजे कासमभाई, रेवसच्या टांगेवाल्यांचा म्होरक्या. मी चिंब भिजलेला, हातात औषधांची पेटी. त्यानं मला खालीवर न्याहाळलं आणि मागे वळून ओरडला, "अरे, घाटी डाक्तर आला रे! पोहता येत न्हाय, घोड्याला काय तारनार?"

माझं स्वागत असं झालं.

त्या काळी, म्हणजे एकोणीसशे विसानंतरच्या वर्षांत, मुंबईची बोट रेवसला लागायची आणि पुढचा सगळा प्रवास टांग्याचा. कोर्टातले वकील, माहेरपणाला निघालेल्या पोरी, शिमग्याचे आणि गणपतीचे चाकरमानी, नारळांची पोती, सगळी गर्दी टांग्यांवर. आणि या टांग्यांवर सरकारच्या वतीनं नजर ठेवणारा एकटा मी. घोड्याच्या खांद्यावर पट्ट्यानं घासून जखम झालीय का, नाल झिजलेत का, दातांवरून वय किती, चाल सरळ आहे का, हे सगळं वर्षातून एकदा, पावसाचा जोर ओसरून बोटी सुरू व्हायच्या आत तपासायचं. घोडा पास झाला तर टांग्याला पितळेचा बिल्ला. बिल्ला नाही तर धंदा नाही. शिवाय टांग्यात हाकणारा सोडून तीनच माणसं, असा नियम. आता गणपतीला आलेला चाकरमानी "आम्ही तिघंच आहोत" म्हणायचा तेव्हा ते तीन म्हणजे तीन कुटुंबं असायची, हा भाग वेगळा.

सरकारचे नियम मी सांगायचो, पण बंदरावर खरं राज्य चालायचं ते टांगेवाल्यांच्या पंचायतीचं. टांगे ओळीत लागायचे आणि ज्याची पाळी त्यानंच भाडं घ्यायचं. कुणी पाळी मोडली तर दंड म्हणून तळावरच्या सगळ्या घोड्यांना गूळ-हरभरा. दंड माणसाला, चंगळ घोड्यांची. मला हा न्याय इतका आवडला की मी तो सरकारला कळवणार होतो. तेवढ्यात मलाच दंड झाला. घाईत होतो, ओळीतल्या मधल्याच टांग्यात चढून बसलो. कासमभाई शांतपणे म्हणाला, "डाक्तर, कायदा सगल्यांना सारखा." त्या दिवशी मी स्वतःच्या हातानं तळावरच्या प्रत्येक घोड्याला गूळ भरवला. पण त्याचा फायदा पुढच्याच तपासणीत झाला.

झालं असं की तपासणीला एक फार देखणा तांबडा घोडा आला. पास केला. थोड्या वेळानं दुसऱ्या मालकाचा घोडा आला, तोही तांबडा, पण कपाळावर पांढरा चट्टा. पुढे आला आणि सरळ माझ्या खिशात तोंड घातलं. गूळ शोधत होता, मघाच्या तांबड्यानं शोधला तसाच! मी त्याच्या कपाळावर अंगठा घासला तर चुना हाताला लागला.

"हे काय रे?" मी विचारलं.

"घाम हाय, साहेब," मालक म्हणाला.

"पांढरा?"

"उन्हाला आला की ह्याला तसाच येतो."

मागे सगळी रांग खो खो हसत सुटली. त्या रांगेत सगळ्यात मोठ्यानं हसणारा म्हणजे धर्मा. हडकुळा, काळा, डोक्याला कायम लाल रुमाल. त्याला हसायचा हक्क होता, कारण त्याला घोडा उसना आणायची गरजच नव्हती. त्याची चंद्री नावाची पांढरी घोडी म्हणजे तळाची शान. तिच्या खांद्यावर मला कधी साधा ओरखडा दिसला नाही. धर्माची बायको यमुना रोज सकाळी तिला खाडीच्या पाण्यात गुडघाभर उभी करायची. दिवसभर दगडी रस्त्यावर धावून तापलेल्या पायांना खारं पाणी बरं, असं ती म्हणायची. त्या घरात मूलबाळ नव्हतं. यमुना घोडीशी बोलायची ती थेट लेकीशी बोलावं तशी, आणि घोडीही तिलाच जुमानायची. बोटीचा भोंगा झाला की मात्र चंद्री कुणाचीच राहायची नाही. कान टवकारून धक्क्याकडे निघालीच, मग टांगा जोडलेला असो की नसो.

मग एका वर्षी ती बला आली.

साहेब लोक तिला ग्लँडर्स म्हणत. टांगेवाले नावच घेत नसत, नुसतं "ती बला" म्हणत. घोड्याचं नाक वाहायला लागतं, गाठी येतात, त्याच्याबरोबर हौदावर पाणी पिणाऱ्या घोड्यांना लागण होते, आणि वाईट म्हणजे माणसालाही होते. औषध नाही. कायदा सरळ होता, रोग ठरला की गोळी. घाटावरच्या बाजारातून आणलेला एक घोडा जवळच्या धरमतर बंदरात असा निघाला आणि पुण्याहून आलेल्या मोठ्या साहेबांनी स्वतः त्याला गोळी घातली. साहेब इंग्रज, उंच, घोड्यांवर जीव असलेला माणूस. गोळी घालायच्या आधी त्यानं घोड्याच्या मानेवरून हात फिरवला, असं मी ऐकलं. पण घातली.

आणि तो घोडा आदल्याच आठवड्यात रेवसच्या हौदावर पाणी प्यायला होता. नेमका चंद्रीच्या शेजारी. आणि चंद्रीचं नाक वाहत होतं.

धर्मा म्हणाला, "अवो, परवा पावसात भिजली, पडसं हाय." असेलही. पण पडसं की बला, हे नाकावरून कळत नाही. त्यासाठी परीक्षा असते. एका बाटलीतल्या औषधाचा थेंब घोड्याच्या डाव्या डोळ्यात टाकायचा. उजव्यात काही टाकायचं नाही, तो डोळा साक्षीदार. दुसऱ्या दिवशी बघायचं. रोग असेल तर डावा डोळा सुजतो आणि त्यातून पू येतो, उजवा स्वच्छ राहतो. रोग नसेल तर दोन्ही डोळे सारखे. साहेबांच्या हुकमावरून तळावरचे सगळे घोडे एका तबेल्यात आणले आणि संध्याकाळी मी एकेकाच्या डोळ्यात थेंब टाकला. चंद्रीच्या वेळी यमुना दाराशी उभी होती. तिनं विचारलं, "डाक्तरदादा, डोळा खराब झाला तर?"

मी बाटलीचं बूच घट्ट बसवलं. तिला कळायचं ते कळलं.

सकाळी साहेब आणि मी तबेल्यात शिरलो आणि मला घामच फुटला. एकजात सगळ्या घोड्यांचे डोळे लाल! धारा लागलेल्या. नाकं वाहतायत, घोडे फुरफुरतायत, एक भिंतीला डोळा घासतोय. साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. हात कमरेच्या पिस्तुलाकडे गेला. "माय गॉड," ते पुटपुटले, "सब? पूरा अड्डा?"

बाहेर टांगेवाले उभे. धर्मा कासमभाईचा दंड धरून उभा होता. मी चंद्रीजवळ गेलो. तिचा डावा डोळा वाहत होता. आणि उजवाही. शेजारच्याचा डावा, आणि उजवाही. साक्षीदारच रडायला लागले होते! हे काय गौडबंगाल, असा विचार करतोय तोवर साहेबांना शिंक आली. मग आणखी एक. मग ठसका. मग मलाही ठसका. आम्ही दोघं सरकारी अधिकारी तबेल्याच्या मधोमध उभे राहून खोकत होतो आणि आमच्या डोळ्यांतूनही धारा.

"मिरची!" मी ओरडलो. "कुणी जाळल्या मिरच्या?"

बाहेर टांगेवाले एकमेकांकडे बघायला लागले. मग यमुना पुढे आली, कपाळापर्यंत पदर ओढलेला. "मी काढली दृष्ट. पर मी एकटी न्हाय. समद्याच होतो."

हळूहळू सगळं बाहेर आलं. बला आली म्हणजे कुणाची तरी नजर लागली, हे बायकांचं ठरलेलंच होतं. तिन्हीसांजेला सगळ्याजणी मीठ, मोहरी, लाल मिरच्या घेऊन आल्या. घोड्यांवरून ओवाळून निखाऱ्यांवर टाकल्या. आता दृष्टीचा हिशेब असा, की मिरच्या जळून ठसका आला तर नजर नव्हती, आणि ठसका आलाच नाही तर नजर भयंकर. तबेला उघडा, समोरून खाडीचं वारं. धूर गेला उडून. ठसका नाही! मग आणखी मिरच्या. तरी ठसका नाही. मग कुणाला तरी अक्कल सुचली आणि चहूबाजूंनी गोणपाटाचे पडदे बांधले.

"मग आला ठसका?" मी विचारलं.

"आला की! जीव भांड्यात पडला," यमुना म्हणाली. "पर पहाटे बघतो तर घोड्यांच्या डोळ्यांना पाणी. म्हटलं नजर उतरली न्हाय. म्हणून पुन्हा..."

"पुन्हा!"

"जरा जास्त घातल्या," मागून कासमभाईची बीबी म्हणाली. नजरेच्या बाबतीत रेवसला जातपात, धर्म काही आड येत नसे.

मी साहेबांना समजावलं. साहेबांना मिरचीचा धूर पटला, कारण तो त्यांच्या नाकात होता. पण आरोग्याचा पुरावा म्हणून तो त्यांना पटेना. ते म्हणाले ते बरोबरच होतं. धुरानं सगळ्यांचेच डोळे वाहतात, मग त्यात एखादा खरा रोगी लपला असला तर? आठवडाभर थांबायचं, डोळे शांत झाले की पुन्हा परीक्षा. तोवर सगळे घोडे तळावरच बंद, आणि चंद्री, तिचं नाक आधीपासून वाहत असल्यामुळं, धर्माच्या वाडीत वेगळी. आणि जाता जाता त्यांनी धर्माकडे बघून माझ्याशी हळू आवाजात म्हटलं, की या वेळी डोळा खराब निघाला तर तिसरी परीक्षा नाही.

धर्माला इंग्रजी येत नव्हतं. तरी त्यानं जाऊन चंद्रीचा दोर दोन्ही हातांनी धरला.

आता माझ्यापुढे प्रश्न घोड्यांचा नव्हता. प्रश्न मिरच्यांचा होता. या बायकांनी भीतीपोटी पुन्हा एक चिमूट जरी जाळली तरी चंद्री गेली. नुसतं "करू नका" सांगून काही होणार नाही हे मला घाटी असूनही कळत होतं. मी पंचायत बोलावली आणि हुकूम काढला, की आठवडाभर टांगेवाल्यांच्या आळीत एकही सुकी मिरची राहता कामा नये. सगळ्या मला आणून द्या.

काय कल्लोळ झाला म्हणता! घोड्याला गोळी घालणार म्हटल्यावर जे गप्प उभे होते ते मिरची म्हटल्यावर बोलायला लागले. "कालवणात काय घालू, माझं डोस्कं?" "मांदेली नुसती उकडून खायची व्हय?" एक म्हातारी तर माझ्या तोंडासमोर येऊन म्हणाली, "तुमी घाटावरचे लोक फिक्कं खाता, आमी मानसं हाव!" शेवटी कासमभाई उठला, घरात गेला आणि स्वतःचं मिरच्यांचं गाठोडं माझ्यासमोर आणून ठेवलं. "चंद्री तळाची हाय," एवढंच म्हणाला. मग घराघरांतून पुरचुंड्या आल्या. टांगे बंद, म्हणून बैलगाडीतून मी मिरच्यांचं पोतं अलिबागला नेलं आणि दवाखान्याच्या कपाटात कुलूपबंद केलं. माझ्या बायकोला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "एवढं शिकून शेवटी मसाल्याचं दुकानच काढलंत ना!"

सगळ्यांनी मिरच्या दिल्या. यमुनानंही दिल्या. पण तिच्याकडे बघवत नव्हतं. चंद्रीसाठी काही करायचं नाही, हे तिला सोसवेना. चंद्रीच्या वाडीत इतरांना मनाई होती, म्हणून टांगेवाले कुंपणापलीकडून गवताचे भारे टाकून जात. मी रोज सायकल मारत जाऊन घोडीचे डोळे बघायचो. एक दिवस यमुना दोन्ही मुठी आवळून माझ्यासमोर उभी राहिली.

"डाक्तरदादा, एक इचारू? राग मानू नका."

"विचारा वहिनी."

"ही नजर तुमचीच तर न्हाय ना? रोज येऊन तिच्या डोळ्यांत डोळे घालून बघता. एवढं टक लावून कोन बघतं का कुनाच्या लेकीकडं?"

धर्मानं कपाळावर हात मारला. मी हसायला लागलो, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून थांबलो. म्हटलं, "असेल वहिनी. मग माझीच काढा. मीठ-भाकरीनं काढा, धूर तेवढा नको." आणि तिनं खरोखर मला वाडीत उभं करून भाकरीचा तुकडा आणि मीठ ओवाळलं. "आल्यागेल्याची, पापिणीची, घाटावरच्याची" असं पुटपुटत. घाटावरच्याची ही खास माझ्यासाठी भर. भाकरी तिनं खाडीत टाकली. त्या दिवशी तिच्या मुठी पहिल्यांदा सैल झाल्या.

दुसऱ्या परीक्षेत थेंब टाकला उजव्या डोळ्यात, डावा साक्षीदार. सकाळी साहेबांनी आधी तळावरचे घोडे बघितले. एकेक डोळा आरशासारखा. पास, पास, पास. टांगेवाल्यांच्या तोंडावर मात्र आनंद नव्हता. सगळे आमच्या मागोमाग धर्माच्या वाडीकडे निघाले.

चंद्री मान खाली घालून उभी होती. उजवा डोळा मिटलेला.

साहेब थांबले. मी थांबलो. धर्मा पुटपुटला, "झोपली असंल, साहेब." मी पापणीकडे हात नेला, तर चंद्रीनं मान फिरवली. दुखतंय म्हणून फिरवली की नुसती फिरवली? मला कळेना. इतकी वर्षं घोडे हाताळलेला मी, पण पुन्हा हात पुढे करायला धजेना. साहेबांनी चंद्रीचा दोर एका हातात घेतला आणि दुसऱ्या हातानं पिस्तुलाच्या कातडी पिशवीचं बटण काढलं. यमुना कुंपणाला धरून उभी होती. तिची नजर चंद्रीवरून हलत नव्हती.

आणि बोटीचा भोंगा झाला.

चंद्रीनं फाडकन दोन्ही डोळे उघडले. दोन्ही! कोरडे, काळेभोर, टपोरे. कान टवकारले आणि निघाली धक्क्याकडे. दोर साहेबांच्या हातात होता. साहेब "होल्ड, होल्ड" म्हणत मागून फरफटत गेले, टोपी पडली, चिखलात एक बूट रुतला, आणि कुंपणापाशी यमुनानं "ए गं बये!" म्हणून हाक मारली तेव्हाच घोडी थांबली. साहेबांनी तिथंच तिचे दोन्ही डोळे रुमालानं पुसून बघितले. रुमाल कोरडा. मग धापा टाकत, एका पायात बूट, मोठ्यानं म्हणाले, "पास!"

धर्मा लहान पोरासारखा हमसून हमसून रडला. साहेबांचा बूट कासमभाईनं काढून आणला. मिरच्या मी त्याच संध्याकाळी परत केल्या, पण कपाटातली औषधं पुढे वर्षभर घोड्यांना द्यायला लागलो की घोडे शिंकायचे.

पुढे दिवस पालटले. रस्त्यावर सर्व्हिस मोटारी आल्या. मोटार तिचा भोंगा वाजवत धक्क्यावर उभी राहायची आणि चाकरमानी पाळी न बघता तिकडे धावायचे. मोटारवाल्यांना कोण दंड करणार, आणि केला तरी गूळ कोण खाणार? टांग्यांची ओळ आखूड होत गेली. कासमभाई गेला तेव्हा पंचायतही त्याच्याबरोबर गेली. याचं मला फार वाईट वाटतं. सरकारचे कागदी नियम आजही आहेत, पण पाळी मोडणाऱ्यानं घोड्यांना गूळ भरवावा हा कायदा गेला, आणि तो माझ्या सगळ्या कायद्यांपेक्षा चांगला होता.

माझ्या रेवसच्या शेवटच्या तपासणीला धर्मा चंद्रीला घेऊन आला. मी दात बघितले. गुडघे बघितले. चालवून बघितली. बघायचं काही नव्हतंच, घोडी म्हातारी झाली हे आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं. चुन्याचा चट्टा लावून कुणाचा घोडा उसना आणावा, तर तळावर घोडेच उरले नव्हते.

"धर्मा," मी म्हटलं.

"व्हय डाक्तर," तो म्हणाला, आणि स्वतःच टांग्यावरचा पितळी बिल्ला सोडवून माझ्या हातात दिला. "गाडीतून सुटली. आता वाडीत आपली चरंल."

यमुना आलेली होती. तिच्या पदरात पुरचुंडी होती. म्हणाली, "डाक्तरदादा, आता परीक्षा न्हाय ना कसली? मग एकदा काढू द्या मला धुरासकट. त्या वक्ताची राहून गेली."

धक्क्याच्या कडेला, पाण्याजवळ, तिनं खापरात निखारे ठेवले. मी आणि धर्मा तिच्या मागे, रस्त्याच्या बाजूला उभे होतो. तिनं चंद्रीवरून मीठ, मोहरी, मिरच्या सावकाश ओवाळल्या, तोंडातल्या तोंडात काही तरी बोलली, लेकीच्या तोंडावरून हात फिरवून कानाशी कडाकडा बोटं मोडली आणि मूठ निखाऱ्यांवर सोडली. तेवढ्यात लांबून बोटीचा भोंगा ऐकू आला. चंद्रीनं कान टवकारले. एक पाऊल टाकलं. मग मागे वळून बघितलं, टांगा का जोडत नाहीत म्हणून.

धर्मानं माझ्याकडे बघितलं. "डाक्तर, तुमचे डोळे."

"मिरची," मी म्हटलं. "धूर गेला डोळ्यांत."

सकाळची वेळ होती. वारं जमिनीवरून सुटलं होतं आणि खापरातला सगळा धूर आमच्यापासून दूर, सरळ पाण्यावर चालला होता. धर्मानं तो जाताना बघितला. मग लाल रुमालानं स्वतःचे दोन्ही डोळे पुसले.

"व्हय," तो म्हणाला, "लई तिखट हाय."